वाचकांचे प्रश्न : जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडताना

या वेळी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरांबद्दलच इतकी पत्रं आलीत की अख्खं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : नमस्कार ताई, घरात तीन कॉम्प्युटर आहेत, विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप, विंडोज ७ चा लॅपटॉप आणि विंडोज १० चा एक डेस्कटॉप. एक जुना राउटर पडून आहे. इंटरनेट या तिघांना नकोच, फक्त एकातल्या फायली दुसऱ्यात उघडता आल्या पाहिजेत. पण सेटिंगमध्ये एवढे ऑप्शन आहेत की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

उत्तर : सुरुवात सेटिंगमधून करूच नका, वायरपासून करा. घरचं नेटवर्क अडतं तेव्हा बहुतेक लोक थेट शेअरिंगच्या खिडकीत जाऊन टिक मार, टिक काढ असं करत बसतात आणि दोष असतो खाली, वायरीत नाहीतर ॲड्रेसमध्ये. खालून वर जायचं, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही, एवढं पाळलंत तर अर्धा त्रास वाचेल.

जुना राउटर आहे ते फार बरं झालं. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आधीच्या मालकाच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातील. मागे चार पोर्ट एकसारखे असतात आणि एक वेगळ्या रंगाचा किंवा जरा बाजूला असतो, तो इंटरनेटचा, तो रिकामाच ठेवायचा. तिन्ही कॉम्प्युटर चार पोर्टांपैकी तिनात लावा. आता कीबोर्डला हात न लावता नुसतं बघा, पोर्टजवळचा बारीक दिवा लागला का. कॉम्प्युटरच्या बाजूला पण एक दिवा असतो, तो पण बघा. दिवा नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही. जुन्या वायरींमध्ये हमखास सापडणारा दोष म्हणजे प्लगची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते, प्लग आत बसल्यासारखा दिसतो पण किंचित मागे सरकलेला असतो, हात लागला की दिवा विझतो परत लागतो. अशी वायर ठेवू नका, नवा प्लग मारून घ्या नाहीतर वायर बदला, कारण असा येतजात दोष शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढा पूर्ण तुटलेल्या वायरीत पण जात नाही.

दिवे लागले की ॲड्रेस. रनमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग कमांड द्या. राउटर नीट असेल तर त्याने प्रत्येकाला १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने सुरू होणारा ॲड्रेस दिलेला असेल, पहिले तीन आकडे तिघांचे सारखे आणि शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस दिसला तर समजा की कॉम्प्युटरने राउटरकडे ॲड्रेस मागितला, उत्तर आलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. म्हणजे परत वायर बघा, नाहीतर राउटरमधली डीएचसीपी, म्हणजे आपोआप ॲड्रेस वाटायची सेटिंग बंद आहे का ते बघा.

मग पिंग, म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. त्याच काळ्या खिडकीत पिंग, एक स्पेस आणि समोरच्याचा ॲड्रेस लिहायचा. एका कॉम्प्युटरवरून आधी राउटरला पिंग करा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला. इथे उत्तर काय येतं ते नीट वाचा कारण त्यातच निदान असतं. विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या मशिनवर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर समोरचा वायरीवर सापडतच नाहीये, ॲड्रेस चुकलाय किंवा वायर गेलीय. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर बऱ्याचदा समोरचा आहे पण त्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा विंडोजमधला पहारेकरी, उत्तर देऊ देत नाहीये. खात्री करायची असेल तर पिंग झाल्यावर लगेच एआरपी कमांड द्या, पुढे एक स्पेस, एक आडवी रेघ आणि इंग्रजी ए. येणाऱ्या यादीत समोरच्या मशिनचा ॲड्रेस आणि त्यापुढे सहा जोड्यांचा हार्डवेअर नंबर दिसला तर वायर शंभर टक्के ठीक आहे आणि अडलंय ते फायरवॉलपाशी.

फायरवॉल पूर्ण बंद करायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच, ऐकू नका. विंडोज १० मध्ये नेटवर्क 'पब्लिक' पडलेलं असतं ते 'प्रायव्हेट' करा, विंडोज ७ मध्ये 'होम' निवडा, आणि नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा, फायरवॉल तेवढ्यापुरती वाट आपोआप मोकळी करते.

वर्कग्रुपचं, म्हणजे मशिनांच्या गटाचं नाव तिघांत एकच ठेवा. बहुतेक ठिकाणी ते 'वर्कग्रुप' असंच असतं पण एक्सपी होममध्ये 'एमएसहोम' असतं, आणि मग एक मशिन बाकीच्यांच्या यादीत दिसत नाही. कॉम्प्युटरची नावं १५ अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मध्ये स्पेस न देता. आणि एवढं करूनही नेटवर्कच्या यादीत कॉम्प्युटर दिसला नाही तरी घाबरू नका, ती यादी मुळातच भरवशाची नाही, कधी दिसते कधी नाही. रनमध्ये दोन बॅकस्लॅश टाकून पुढे समोरच्याचा आयपी ॲड्रेस लिहा आणि एंटर दाबा. तसं उघडलं तर नेटवर्क चालू आहे, शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि यादीचा नाद सोडा. फक्त शॉर्टकट ठेवणार असाल तर ॲड्रेस बदलता कामा नये, म्हणून राउटरमध्ये त्या मशिनसाठी ॲड्रेस राखून ठेवायची सोय असेल तर ती वापरा.

तुमच्या तिघांत विंडोज ७ आणि १० चं एवढ्यावर जमेल. एक्सपी आणि १० चं जमणार नाही, ते का ते खाली आहे.

प्रश्न : माझ्याकडे राउटर नाही, दोनच जुने पीसी आहेत. एकच वायर थेट दोघांत लावली तर चालेल का? एक जण म्हणाला त्याला क्रॉस केबल लागते, साधी चालत नाही.

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे, मशिन किती जुनं त्यावर ठरतं. १०० एमबीपीएसच्या जुन्या नेटवर्क कार्डांत पाठवायच्या तारा आणि ऐकायच्या तारा ठरलेल्या पिनांवर असतात, पिन १ आणि २ पाठवायला, ३ आणि ६ ऐकायला. दोन पीसी साध्या वायरीने जोडले तर दोघंही एकाच जोडीवर बोलतात आणि ऐकणारं कोणीच नाही. क्रॉस केबलमध्ये एका टोकाला या जोड्यांची अदलाबदल केलेली असते. नंतरच्या कार्डांना, गिगाबिटवाली तर जवळजवळ सगळीच, ही अदलाबदल स्वतःहून करता येते आणि दोघांपैकी एकाला जरी ते जमत असलं तरी साधी वायर चालते. म्हणून आधी साधीच लावून दिवा बघा, लागला तर विषय संपला.

नाही लागला आणि क्रिम्पिंग टूल, म्हणजे वायरीला प्लग दाबून बसवायची पक्कड, हाताशी असेल तर क्रॉस घरी करता येते. एका टोकाला डावीकडून, म्हणजे प्लगची क्लिप खाली आणि सोनेरी पिना तुमच्याकडे वर, असं धरून रंग लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला फक्त नारिंगी आणि हिरव्याची जागा बदलायची, म्हणजे पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-नारिंगी, निळा, पांढरा-निळा, नारिंगी, आणि तपकिरी जोडी होती तशीच. तारांचा पीळ सरळ करायला म्हणून तीन-चार इंच उलगडू नका, सेंटिमीटरभर पुरतो, तो पीळच आजूबाजूच्या विजेचा गोंगाट मारत असतो. आठही तारा एका रेषेत कापा आणि प्लगमध्ये इतक्या आत ढकला की प्लगच्या पुढच्या पारदर्शक भिंतीतून तांब्याची आठ टोकं दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं जाड आवरणसुद्धा प्लगच्या आत आलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तारा सुटतात. हे सगळं बघून मगच टूल दाबा, दाबल्यावर तो प्लग परत वापरता येत नाही.

ॲड्रेस द्यायला इथे कोणी नाही म्हणून हाताने द्या. एकाला १९२.१६८.५.१, दुसऱ्याला १९२.१६८.५.२, त्याखालच्या सबनेट मास्कच्या जागी दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायची वाट) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून ॲड्रेस शोधणारा) या जागा रिकाम्या. पुढे वरच्या उत्तराप्रमाणे पिंग.

प्रश्न : ताई, एक्सपी मशिन आणि विंडोज १० एकमेकांना पिंग होतात, दोन्हीकडून रिप्लाय येतो, पण फोल्डर काही केल्या उघडत नाही. इंटरनेटवर सांगतात एसएमबी १ चालू करा. करू का?

उत्तर : या महिन्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. आधी कारण सांगते. विंडोजची फाइल शेअरिंग एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलवर चालते. एक्सपीला त्याची फक्त पहिली आवृत्ती येते, दुसरी आली त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून. आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून पहिली आवृत्ती नव्या इन्स्टॉलमध्ये पूर्वीसारखी चालू दिली जात नाही. म्हणून पिंग होतं, वायर ठीक, ॲड्रेस ठीक, पण फाइल मागायची भाषाच दोघांत सामाईक उरलेली नाही.

ती काढून टाकली ती उगीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला, तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. कोणी कुठल्या लिंकवर क्लिक करायचीसुद्धा गरज नव्हती, नेटवर्कवर एका मशिनला लागण झाली की तो शेजारची मशिनं शोधून त्यांच्यात शिरायचा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना तेव्हा ऑपरेशनं आणि अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती पण ज्यांनी टाकली नाही ते सापडले, आणि एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला, तरी प्रकरण इतकं गंभीर होतं की त्यासाठी सुद्धा वेगळी दुरुस्ती काढावी लागली. घरात मुलांचे फोटो, हिशोब, कागदपत्रं ज्या मशिनवर आहेत त्याच मशिनवर हे दार कायमचं उघडं ठेवणं मला पटत नाही.

मग करायचं काय, तर आधी स्वतःला विचारा की एक्सपीतल्या फायली एकदाच काढून घ्यायच्यात की रोज जा-ये हवीय. एकदाच हव्या असतील तर नेटवर्कच नको. हार्ड डिस्क काढा, यूएसबीला जोडायचा अडॅप्टर मिळतो त्यावर लावा आणि नव्या कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या. फक्त डिस्क रुंद सपाट पट्टीची आयडीई आहे की अरुंद वायरीची साटा ते आधी बघा, अडॅप्टर त्याप्रमाणे लागतो. डिस्क काढायची नसेल तर एक्सपी मशिन लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या पेनड्राइव्हवरून सुरू करा, जुन्या हार्डवेअरवर चालणारं हलकं लिनक्स घ्या, त्याला नवी एसएमबी येते आणि डिस्कवरची एक्सपी जशीच्या तशी राहते.

रोज जा-ये हवी असेल, समजा एखादं जुनं मशीन किंवा सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवरच चालतंय, तर विंडोज १० वर छोटा एफटीपी सर्व्हर, म्हणजे फायली देण्या-घेण्याच्या जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर, टाका. एक्सपीच्या साध्या एक्सप्लोररमधून एफटीपी उघडतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. पासवर्ड ठेवा आणि फक्त एकच फोल्डर त्यात द्या, अख्खी ड्राइव्ह नको. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो हे लक्षात ठेवून तो दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा, आणि हे घराच्या आतच राहू दे.

अगदीच अडलं आणि एसएमबी १ लावायचीच वेळ आली तर विंडोज फीचर्सच्या यादीत तिचे क्लायंट (फायली मागणारा) आणि सर्व्हर (फायली देणारा) असे वेगळे भाग दिसतात, त्यातला फक्त क्लायंट लावा. म्हणजे शेअर एक्सपीवर करायचं आणि विंडोज १० ने जाऊन फायली आणायच्या, उलट नाही. काम झालं की टिक काढून टाका. विंडोज स्वतःही ती १५ दिवस वापरली गेली नाही की काढून टाकतं, म्हणून 'मागच्या महिन्यात चालत होतं आता बंद पडलं' असं झालं तर कारण हेच असतं.

आणि कुठलाही मार्ग घ्या, एक्सपीला इंटरनेट देऊ नका. हाताने ॲड्रेस देताना गेटवेची आणि डीएनएसची जागा रिकामी सोडली की त्याला घरातली मशिनं मिळतात, घराबाहेरची वाट माहीतच नसते. शिवाय राउटरमध्ये त्याचा हार्डवेअर नंबर ब्लॉक करायची सोय असेल तर तेही करा.

प्रश्न : फोल्डर शेअर केलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतंय, पण उघडायला गेलं की युजरनेम पासवर्ड मागतं. मी तर पासवर्ड ठेवलेलाच नाही. रिकामं सोडून ओके केलं तरी घेत नाही.

उत्तर : पासवर्ड नाही म्हणूनच घेत नाहीये. पासवर्ड नसलेल्या अकाउंटने समोर बसून लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून विंडोज आत घेत नाही, आणि ते चांगलंच आहे. ज्या मशिनवर फोल्डर आहे तिथे शेअरिंगपुरता एक वेगळा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर त्याच्या नावाने शेअर करा आणि दुसऱ्या मशिनवर तेच नाव-पासवर्ड टाकून 'लक्षात ठेव'वर टिक करा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाकायचा सोपा मार्ग आहे पण मग त्या नेटवर्कवर येणारा प्रत्येक मोबाइल, प्रत्येक पाहुण्याचा लॅपटॉप तुमचं फोल्डर उघडू शकतो.

विंडोज १० मध्ये बरेच जण चार आकडी पिनने लॉगिन करतात आणि इथेही तोच पिन टाकत राहतात. पिन फक्त त्या मशिनसमोर चालतो, नेटवर्कवर अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो.

आणि आत गेल्यावर 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन टॅब बघा, शेअरिंग आणि सिक्युरिटी. दोन्हीकडे त्या युजरला परवानगी हवी, दोघांत जी कडक असेल तीच लागू होते. शेअरिंगमध्ये सगळ्यांना सगळं दिलं तरी सिक्युरिटीत नाव नसेल तर दार बंदच राहतं.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर घरचं वायफाय दिसतच नाही, मोबाइलवर मात्र छान येतं.

उत्तर : बहुतेक तुमचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि लॅपटॉपच्या कार्डला फक्त २.४ येतं. राउटरमध्ये २.४ चालू करा. नाव दिसतंय पण जोडलं जात नाही असं झालं तर राउटरमध्ये वायफायची सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए ३ ठेवलीय का बघा, जुन्या कार्डांसाठी डब्ल्यूपीए २ ठेवावी लागते, एक्सपीला त्यासाठी सर्व्हिस पॅक ३ हे मोठं अपडेट असलेलं बरं. डब्ल्यूईपी ही जुनी सिक्युरिटी मात्र कुठल्याही परिस्थितीत लावू नका, ते मोडायला काही मिनिटं पुरतात. जोडलं गेलं पण बाकीची मशिनं दिसत नाहीत असं असेल तर तुम्ही गेस्ट नेटवर्कवर आहात का बघा, तिथे एकाला दुसरा दिसू नये अशीच सोय असते.

पण फायलींची ने-आण करायची असेल तर लॅपटॉपला वायरच लावा. जुनं ५४ एमबीपीएसचं वायफाय प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच पोचवतं, १०० एमबीपीएसची वायर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास सहज देते, म्हणजे १०० जीबीचे फोटो अडीच-तीन तासांत जातात.

प्रश्न : एक जुना पीसी कायम चालू ठेवून सगळ्यांच्या फायली त्यावर ठेवाव्यात असं मनात आहे. जमेल का? मध्येमध्ये तो नेटवर्कवरून गायब होतो असंही होतंय.

उत्तर : गायब होतो तो झोपतो म्हणून. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा. मॉनिटर बंद झाला तर हरकत नाही.

फायली ठेवायला जुना पीसी चालतो, त्याला फार ताकद लागत नाही. त्यावर सपोर्ट संपलेलं विंडोज ठेवण्यापेक्षा लिनक्स आणि सांबा टाका, सांबा म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फायली देणारं सॉफ्टवेअर, १९९२ पासून चालत आलेलं. डेस्कटॉप न टाकता नुसता सर्व्हर ठेवलात तर ५१२ एमबी रॅमवरसुद्धा भागतं. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती घ्या, १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर दिलेला नाही. प्रोसेसर कोअर २ ड्युओ किंवा नंतरचा असेल तर तो ६४ बिटचाच आहे, मग १३ घ्या.

मला काळजी वाटते ती डिस्कची. पीसी जुना म्हणजे डिस्कही तेवढीच जुनी आणि तुम्ही घरातलं सगळं तिच्यावर ठेवणार. आधी तिचं स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद बघा, त्यात रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) या दोन ओळी बघायच्या. पेंडिंगमध्ये शून्य सोडून काहीही दिसलं किंवा रीअलोकेटेडचा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क या कामाला घेऊ नका. टकटक आवाज येत असेल तर रीडिंग बघत बसू नका, आधी फायली काढून घ्या. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ची गोल बॅटरी पण बदलून टाका, ती संपलेली असली की पॉवर गेल्यावर तारीख मागे जाते, फायलींवर चुकीच्या तारखा पडतात आणि 'नवीन असेल तरच कॉपी कर' म्हणणारं बॅकअप सॉफ्टवेअर नवी फाइल जुनी समजून सोडून देतं.

सगळ्या फायली या पीसीवर हलवल्यात की बाकीच्या मशिनवरच्या लगेच डिलीट करू नका. बाहेरच्या यूएसबी डिस्कवर दुसरी कॉपी घ्या, त्यातल्या चार-दोन फायली उघडून बघा, मग डिलीट करा, आणि ती डिस्क कॉपीपुरतीच जोडा, एरवी काढून ठेवा.